गवईणीची उपकारस्तुती

खाणीत त्याला सगळे गवई म्हणत. धंदा दगड फोडण्याचा, पण घण उचलताना तोंडात गाणं नसलं तर त्याचा हात चालत नसे. रविवारी चर्चमध्येही हाच गवई पुढच्या बाकाशी उभा राहून गाणं उचलून द्यायचा आणि बाकीची मंडळी त्याच्यामागून फरफटत यायची. त्याच्या बायकोचं आणि सुराचं मात्र जन्माचं वाकडं. ती गायला लागली की शेजारची बाई हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकायची. म्हणूनच खाणीतल्या बायकांनी तिचं नाव गवईण पाडलं होतं, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ द्यायची.

त्या उन्हाळ्यात गवयाचं गाणं आटत गेलं. आधी कडव्याच्या शेवटच्या ओळी गळाल्या, मग मधल्या. "घसा बसलाय," तो म्हणायचा. पण घसा काही तीन-तीन महिने बसत नाही. एके दिवशी घण खांद्यापर्यंत गेला, तिथेच अडला, आणि गवई घणासकट मागे बसला. पडला असता तर लोक धावले असते. बसलेल्या माणसाकडे कोण बघतं? गवईण खालच्या अंगाला खडी फोडत होती. वरून येणारा ठोका आला नाही, म्हणून तिनं मान वर केली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"हे पांढरं दिसतंय ना, ती दगडाची धूळ. आत जाऊन बसलीय."

"मग काढा की," गवईण म्हणाली.

"काढता येत नाही, बाई."

"औषधानं?"

"औषधानं खोकला जरा कमी येईल. बसलंय ते बसलंय."

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं फोटो पाकिटात घातला, परत बाहेर काढला, परत घातला. शेवटी म्हणाला, "यांना आता खाणीत जाऊ देऊ नका."

गवई हसला. हसण्यानं खोकला उठला आणि त्या खोकल्यानं तो दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास वाकून राहिला. गवईण त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. शर्टाच्या आत बरगड्या हलत होत्या, एकेक वेगळी लागत होती.

पुढच्या सोमवारी ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "त्यांच्या जागी मला घण द्या."

मुकादमानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे, बाजारात बैल बघतात तसं. "गवईणबाई, घण पेलायचा नाही तुम्हाला. खडीवरच बसा. घरातलं कुणी सोबत आणा, ढीग तरी मोठा होईल."

घरात दुसरं होतं कोण? एकोणीस वर्षांची लेक. ती शिंप्याकडे काज-बटणं करायला जात असे, हातात कला होती, शिंपी तिला आता मशीनवर बसवणार होता. ते राहिलं. ती आईशेजारी येऊन बसली. सायकलच्या ट्यूबचं कडं दगडाभोवती ठेवायचं, डाव्या हातानं ते दाबून धरायचं आणि उजव्या हातानं हातोडी मारायची, म्हणजे कपची उडत नाही. तरी उडायचीच. पहिल्या आठवड्यात पोरीच्या नडग्यांवर बारीक बारीक जखमा झाल्या. सुई धरणारी बोटं सुजली. तोंडावर ओढणी बांधली तरी संध्याकाळी तिच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. गवईण आपल्या पदराच्या टोकानं त्या पुसायची. "अगं आई, डोळ्यात जाईल," पोर म्हणायची.

घरी गवई खाटेवर बसलेला असे. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून मांडीवर अंथरुणाची वळकटी आणि वळकटीवर कपाळ. दिवस तसाच जायचा, झोपही तशीच. सकाळी जाताना गवईण पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायची आणि आली की आधी तो बघायची. पाणी किती कमी झालंय त्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते कळायचं.

जेवणाआधी प्रार्थना गवईच करायचा. पूर्वी ती एवढी लांबायची की पोर लहानपणी एक डोळा उघडून ताटाकडे बघत बसायची. विहिरीच्या पाण्याबद्दल उपकार, हाताच्या ताकदीबद्दल उपकार, खाणीत दरड आली पण कुणाच्या अंगावर नाही आली त्याबद्दल, पोरीच्या अंगाला आलेल्या नव्या कपड्याबद्दल. श्वास तुटायला लागला तसं एकेक गळत गेलं. आता उरलं होतं एवढंच:

"प्रभू... तू... चांगला... आहेस."

बस. मग पातळ भाताचे चार घास.

एका संध्याकाळी गवईणीला राहवलं नाही. "एवढं सगळं गाळलंत आणि हेच का ठेवलंत हो? चांगला आहे म्हणे."

गवयानं वळकटीवरून डोकं उचललं. "एवढंच... मावतं... एका दमात."

पोर फस्सकन हसली. गवईणही हसली, पण तिला उत्तर हवं होतं. "मस्करी नको. काय दिलंय त्यानं आपल्याला सध्या, सांगा बरं."

तो बराच वेळ दम गोळा करत राहिला. "बाकीचं... त्यानं... दिलेलं," तो म्हणाला. थांबला. पुन्हा दम गोळा केला. "आणि हा... तो... स्वतः."

गवईणीला ते पटलंही नाही आणि नीट कळलंही नाही. तिनं ताटं उचलली.

त्याच सुमाराला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे गवयाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा गवई चार वर्षांचा होता, तेव्हापासून त्यांनीच त्याला कडेवर वाढवलेला. बाई मोठ्या देवभक्त. त्यांच्या मालकांच्या पोटात एकदा गाठ आली होती आणि ती न कापता विरून गेली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुती असे. ज्याला जे मिळालं ते त्यानं उभं राहून सांगायचं. वन्सं इथं आल्या की दर वेळी उभ्या राहून त्या गाठीचं सांगायच्या. मंडळीला ती गाठ पाठ झाली होती.

"मी चाळीस दिवस उपास धरलाय," पिशवी खाली ठेवता ठेवता वन्सं म्हणाल्या. "प्रभूला सोडणार नाही मी. माझा एकुलता एक भाऊ आहे."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. खरंच उपाशी होत्या. गवईणीनं त्यांना पाणी दिलं.

चार दिवसांनी वन्संनी एका पाहुण्या प्रचारकाला घरी आणलं. त्याच्यामागून मंडळीतली पंधरा-वीस माणसं आली. खोली ती केवढी! पोरीला चूल आणि भांडी अंगणात न्यावी लागली. प्रचारकानं गवयाच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाकीच्यांनी ठेवले, डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर. त्या हातांच्या वजनानंच गवई आणखी वाकला. प्रार्थना मोठ्यानं होत होती, घाम गळत होता, आणि खोलीत वारा यायला फट म्हणून नव्हती.

"ऊठ भावा," प्रचारक म्हणाला. "ती वळकटी फेकून दे. उठून गाणं म्हण."

घरी आलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून गवई उठला. खाटेची कड धरून उभा राहिला. सगळे गप्प झाले. त्यानं तोंड उघडलं आणि एक सूर काढला. एकच, पण खरा, जागेवरचा. वन्संच्या तोंडून "आहाहा" निघालं. आणि मग खोकला आला. तो थांबेचना. गवई दुमडत गेला, ओठ निळे झाले, आणि त्या खोकल्याच्या नेटानं त्याचा पायजमा ओला झाला. पाणी जमिनीवर ओघळत मंडळींच्या पायांपर्यंत गेलं.

ज्यांनी हात ठेवले होते त्यांनी ते काढून घेतले.

प्रचारक हळू आवाजात म्हणाला, "देवाकडून काही अडत नाही. घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." त्याची नजर खोलीभर फिरली आणि गवईणीवर थांबली. मग वन्संचीही नजर तिथेच आली.

गवईण बाहेर गेली आणि बादली-फडकं घेऊन आली. सगळ्यांच्या मधोमध उकिडवी बसली. "पाय उचला," ती प्रचारकाला म्हणाली. त्यानं पाय उचलला. "दुसरा," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं गवयाला धुतलं, कोरडं केलं, पुन्हा वळकटीवर टेकवलं. तो डोळे मिटून होता. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्याचा हात वर जात नव्हता.

त्यानंतर तो झपाट्यानं उतरला. अंघोळ घालायची म्हणजे पोरीनं मागून धरायचं आणि गवईणीनं पुढून पाणी घालायचं. एकदा दिवसभर खडी फोडून आलेली गवईण अशीच पाणी घालत होती. त्यानं तिला मदत करायची म्हणून तांब्याला हात घातला, तो निसटला, आणि भरलेली बादली कलंडली. विहीर तळाला गेली होती. ते पाणी तिनं पाऊण तास उभं राहून मिळवलेलं होतं.

"एक तांब्या उचलवत नाही तुमच्यानं!" ती ओरडली. "काय उपयोग आहे आता तुमचा? काय उपयोग?"

पोरीनं आईकडे बघितलं. गवई ओल्या अंगानं पाटावर बसला होता. त्यानं मान हलवली. "काहीच... नाही," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी गवईण खाणीत बसली खरी, पण हातोडी जागेवर पडेना. दोनदा बोटावर मारून घेतलं. दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि तिच्या मनात एकदम आलं, आत्ता घरी तो नसला तर? असं काही वाटायला कारण नव्हतं. पण वाटलं ते वाटलं. तिनं हातोडी टाकली आणि ती चालायला लागली, मग पळायला. मागून मुकादम ओरडत होता. चप्पल वाटेत तुटली ती तिनं हातात घेतली.

दारात येऊन बघते तर वन्सं पाण्याला गेलेल्या आणि गवई वळकटीवर कपाळ टेकून बसलेला. पाठ हलत होती. वर, खाली. वर, खाली.

ती उंबऱ्यावर बसली. तिलाही दम लागला होता. तिच्या धापांनी त्यानं डोकं उचललं.

"कशाला... आलीस?"

"काही नाही. बघायला."

तो तिच्याकडे बघत राहिला. तीही बघत राहिली. त्याच्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं. पैसा नव्हता, शब्द नव्हता, साधा पाण्याचा तांब्या पुढे करायची ताकद नव्हती. आणि तो आहे एवढ्यानं तिचा जीव भांड्यात पडला होता. ती बराच वेळ तशी बसून राहिली. मग तुटकी चप्पल कोपऱ्यात टाकून अनवाणीच परत गेली. मुकादमानं तिचा त्या दिवसाचा ढीग दुसऱ्या बाईच्या नावावर लावला होता. ती त्याच्याशी भांडली नाही.

संध्याकाळी घराकडे येताना पोर खोकली. एकदाच. धूळ गेली असेल. गवईण रस्त्यातच थांबली, वळली, आणि मुकादमाला सांगून आली, "उद्यापासून पोर येणार नाही."

"मग भागणार कसं?" मुकादमानं विचारलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. पोर बापाजवळ थांबली आणि गवईण वन्संबरोबर चर्चला गेली. एकेकजण उभा राहत होता. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाची गाय सुखरूप व्याली होती. वन्सं उभ्या राहिल्या, गाठीचं सांगितलं आणि म्हणाल्या, "भावासाठीही मी हटून बसलेय. पुढच्या महिन्यात तो इथं गाऊन साक्ष देईल." आमेन झालं. पाळक अजून तरुण होते, त्यांनी पुस्तक मिटलं. "आणखी कुणी?" त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

गवईण उभी राहिली. ती एवढ्या वर्षांत कधी उभी राहिली नव्हती. पुढच्या बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली. बोटांची नखं काळी पडलेली होती.

"माझ्याकडे सांगायला काही नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे काही चांगलं झालेलं नाही. हे बरे झाले नाहीत. डॉक्टर म्हणतो होणार नाहीत, आणि तो खोटं बोलतो असं मला वाटत नाही. मी खूप मागितलं. तुम्हीही मागितलंत. नाही मिळालं." ती थांबली. कुणीतरी खाकरलं. "मला त्याचा राग आहे. अजून आहे. पण परवा मी खाणीतून पळत घरी गेले. हे नुसते बसलेले होते. माणसाकडे देण्यासारखं काही म्हणजे काही उरलेलं नाही, आणि तरी ते आहेत म्हणून मला केवढं बरं वाटलं. तेव्हा मी देवाला म्हटलं, मग तुझं-माझंही असंच धरू या. तू दे, न दे. तू आहेस ना? तू आहेस, आणि तू वाईट नाहीस, असं हे म्हणतात. यांचं मी आजवर सगळं ऐकलं, हेही ऐकते. तू आहेस याचेच उपकार. बाकी मला काही कळत नाही."

ती खाली बसली.

आमेन कुणी म्हटलं नाही. म्हणायचं की नाही ते कुणाला कळेना. पाळकांनी गाणं सुरू केलं ते फार वरच्या पट्टीत, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले.

बाहेर आल्या आल्या वन्संनी तिचा दंड धरला. "जिभेला काही हाड? बरे होणार नाहीत म्हणे! देवासमोर? माझ्या उपासावर पाणी ओतलंस तू!"

"वन्सं, चला. ऊन आहे," गवईण म्हणाली.

घरी गवयानं विचारलं, "काय... बोललीस?" तिनं जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं हाताचा तळवा खाटेवर उताणा ठेवला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. कितीतरी वेळ दोघं तशीच होती. वन्सं भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, भर दुपारी, खाणीच्या उतारावरून पोर पळत येताना दिसली. गवईणीनं हातोडी खाली ठेवली, ट्यूबचं कडं तिच्यावर नीट ठेवलं आणि ती उठली. पोरीला बोलावं लागलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा गवई वळकटीवर कपाळ टेकून होता आणि पाठ हलत नव्हती. शेजारी वन्सं हातात भरलेला पेला धरून उभ्या होत्या.

"पाणी म्हणाला," त्या म्हणाल्या. "मी वळले. मी नुसती वळले गं."

गवईणीनं त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. मग गवयाला धरून सरळ केलं आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच आडवं झोपवलं.

कबरस्तानातली जमीन टणक. दोन फुटांवर खडक लागला. खाणीतली माणसं कुणी न बोलावता पहारी आणि घण घेऊन आली. मुकादमही आला, आणि त्यानंही बाह्या सारून चार घाव घातले. आलटून पालटून फोडत होते. पाळकांनी मोठी प्रार्थना केली. गवयाच्या आवाजाबद्दल, अठ्ठावीस वर्षांच्या संसाराबद्दल, लेकीबद्दल उपकार मानले. मग माती पडली, त्यापेक्षा दगडच जास्त पडले. माणसं पांगली. पोरीला शेजारणी घरी घेऊन गेल्या.

वन्सं हलेनात. त्या कबरीशी बसल्या होत्या. मुठीनं जमिनीवर मारत होत्या आणि प्रत्येक वेळी म्हणत होत्या, "का? का? सांग ना मला. का?" गवईण त्यांच्याजवळ बसून राहिली. तिनं त्यांची मूठ धरली नाही. दगडावर आपटून ती सोलवटली होती.

खूप वेळानं वन्सं दमल्या. आवाज घोगरा झाला होता. "माझं काय चुकलं गं? चाळीसच्या चाळीस दिवस केले मी."

"काही चुकलं नाही तुमचं."

"मग?"

"मला नाही माहीत, वन्सं."

वन्संनी तोंड पुसलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी तू म्हणालीस, तो आहे म्हणून. खरं सांग. आहे का?"

"आहे."

"कशावरून?"

समोर ताजे फुटलेले दगड होते. त्यांच्या कडा उन्हात चमकत होत्या. वन्संच्या मुठीवर रक्त आणि धूळ एकत्र वाळत चालली होती.

"सकाळपासून तुम्ही भांडताय ना," शेवटी ती म्हणाली. "मीही आतल्या आत भांडतेय. ते कुणाशी मग?"

वन्सं रडू लागल्या. आता त्या जमिनीला मारत नव्हत्या. गवईणीच्या खांद्यावर डोकं टाकून, लहान पोरीसारख्या, नाकातून पाणी येईपर्यंत रडल्या. गवईण रडली नाही. तिला ते जमलं असतं तर बरं झालं असतं. ओठ हलत होते तिचे, जेवणाआधी गवयाचे हलायचे तसे. काय म्हणत होती ते वन्संना ऐकू आलं नाही.

मग ऊन कलायला लागलं. वन्संचा गुडघा धरला होता. गवईणीनं त्यांना आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी धरून उभं केलं, त्यांच्या पदराला लागलेली माती झटकली, आणि दोघी सावकाश उतारानं घराकडे निघाल्या. पोर घरी वाट बघत होती.